धुळ्यात मोठे अहवाल छापायचे असतील तर: गल्लीतलं बिननावाचं दुकान

आग्रा रोडवरून गल्ली नंबर चारमध्ये शिरलं की रसवंतीला लागून हे दुकान आहे. नाव नाही. पाटीवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल, सातबारा काढून मिळेल’ एवढंच रंगवलंय. मोबाइलच्या नकाशावर शोधाल तर सापडायचं नाही. रसवंतीवाल्याला विचारा, तो हातातला ऊस न सोडता मानेनेच दाखवतो.

आधार, मार्कशीट, जातीचा दाखला असलं काम असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. बिनधास्त जा. मशीन चांगली आहे, दर वाजवी आहेत, मालक तोंडाने गोड आहे. मी लिहितोय ते वेगळ्या कामाबद्दल: जाडजूड इंग्रजी अहवाल, पाठपोट छापून, स्पायरल करून. असलं काम गावात कोण नीट करतं हा प्रश्न अभ्यासिकेतल्या पोरांना पडतो, वकिलांना पडतो आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्या म्हाताऱ्यालाही पडतो.

मी कापसाचा ग्रेडर होतो. सगळा कापूस सरकारच विकत घ्यायचं, त्या एकाधिकार खरेदीच्या काळात इकडच्या केंद्रांवर नोकरी झाली. आता सकाळी पांझरेच्या काठाने फिरायचं आणि मग चहावर जगाची उठाठेव करायची. तिथेच वाद पेटला. आमच्यातले एक निवृत्त सुभेदार म्हणाले, अमेरिकेने इराकवरची लढाई खोट्या कागदांवर केली. गणिताचे सर म्हणाले, कागद खोटे नव्हते, हेरांचा अंदाज चुकला. दोघंही हटेनात. मी म्हटलं, अहो, कागद उघडे होऊन वर्षं झाली, वाचून तर बघू.

फाइली पुतणीने पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या. हे सगळं फुकट आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. इराकच्या लढाईत ब्रिटन कसा उतरला हे तपासणाऱ्या तिकडच्या चिलकॉट चौकशीचा अहवाल ६ जुलै २०१६ ला आला, बारा खंड, २६ लाख शब्द. त्याचा छापील संच तिकडे ७६७ पौंडांना होता. तोच मजकूर संकेतस्थळावर कोणीही उतरवून घ्यावा. बारा खंड छापायची माझी ऐपत नाही आणि आयुष्यही तेवढं उरलेलं नाही, म्हणून दीडशेच्या आसपास पानांचा सारांश तेवढा घेतला. त्याच्या जोडीला अमेरिकेचे २००२ मधले दोन कागद, सिनेटच्या गुप्तचर समितीच्या जुलै २००४ च्या अहवालातली निवडक प्रकरणं आणि इराकच्या शस्त्रांवरचं ब्रिटिश सरकारचं २४ सप्टेंबर २००२ चं पन्नास पानी पुस्तक.

आता दुकानाची पहिली तक्रार. सिनेटचा अहवाल पाचशेच्या वर पानांचा आहे आणि त्यात जागोजाग काळ्या पट्ट्या आहेत, गुप्त म्हणून झाकलेल्या ओळी. घ्यायला गेलो तर गठ्ठ्यात मधली पानं गायब. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “आप्पा, फाइल खराब से. काळं काळं येई ऱ्हायनं.”

“खराब नही रे भो, ते झाकेल से.”

“मंग झाकेल छापानं कसाले?”

पोराचं चुकलं असं मला म्हणवत नाही. टोनर वाचावा म्हणून त्याने काळी पानं वगळली होती. पण पट्टीच्या वर एक ओळ असते, खाली एक ओळ असते, आणि कधीकधी सगळी गंमत त्या दोन ओळींतच असते. मालकाने पुन्हा छापून दिलं, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. ही दुकानाची बाजू नोंदवायला हवी. तुम्ही जाल तेव्हा आधीच सांगा: एकही पान वगळू नका, काळं असलं तरी.

दुसरी गोष्ट समासाची. मशीनवर ‘पानात बसवा’ असं आपोआप लागलेलं असतं. त्याने अक्षर बारीक होतं आणि तळटीपा तर मुंगीएवढ्या होतात. शिवाय स्पायरलची छिद्रं मजकुरातून जातात. माझ्या पहिल्या प्रतीत ती नेमकी एका चौकटीतून गेली होती, आणि त्या चौकटीत काय होतं ते पुढे सांगतो. डावीकडे एक इंच जागा सोडायला सांगा. मालक कुरकुर न करता सोडतो.

स्पायरलची खरी किंमत मला या कामात कळली. पान पूर्ण मागे वळतं, वही टेबलावर सपाट बसते. दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून ओळीला ओळ लावता येते. हे मोबाइलवर होत नाही. तिथे एक कागद उघडला की दुसरा नजरेआड जातो, आणि या प्रकरणाचा जीव दोन कागदांच्या मधल्या फरकात आहे.

तर ते दोन कागद. अमेरिकेच्या सगळ्या हेरसंस्थांनी मिळून ऑक्टोबर २००२ च्या सुरुवातीला एक गुप्त अंदाज तयार केला, इराककडे घातक शस्त्रं आहेत का यावर. नव्वदेक पानांचा हा ऐवज जेमतेम तीन आठवड्यांत उरकला होता. त्याच आठवड्यात, ४ ऑक्टोबरला, लोकांसाठी पंचवीस पानांचं श्वेतपत्र निघालं, नकाशे आणि छायाचित्रांसकट. गुप्त अंदाजाचे मुख्य निष्कर्ष जुलै २००३ मध्ये खुले झाले, तेव्हा बगदाद पडून तीन महिने झाले होते.

डावीकडे गुप्त अंदाज ठेवला, उजवीकडे श्वेतपत्र. पहिलंच वाक्य. डावीकडे म्हटलंय, आमच्या मते इराकने शस्त्रांचे कार्यक्रम चालू ठेवलेत. उजवीकडे ‘आमच्या मते’ नाही. इराकने चालू ठेवलेत, बस. पुढे रासायनिक साठ्याचं वाक्य. डावीकडे सुरुवातच अशी, की या साठ्याबद्दल आमच्याकडे नेमकी माहिती फारशी नाही, तरी बहुधा निदान १०० मेट्रिक टन, कदाचित ५०० पर्यंत. उजवीकडे: बहुधा काहीशे मेट्रिक टन. माहिती फारशी नाही, हा अर्धा भाग गेला. मी पेन्सिलीने खूण करत गेलो तर समास भरत चालला.

आता ती छिद्रांत गेलेली चौकट. गुप्त अंदाजात परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाने चौकट टाकून आपलं वेगळं मत नोंदवलं होतं, की इराक अणुबॉम्बचा कार्यक्रम पुन्हा उभा करतोय याला पुरेसा पुरावा नाही. इराक ज्या ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहत होता त्या युरेनियम शुद्ध करायच्या यंत्रासाठी आहेत, असं बाकीचे म्हणत होते. ऊर्जा खात्याच्या लोकांना ते पटलं नाही. तसली यंत्रं कशी चालतात हे त्या सरकारात सर्वांत जास्त ज्यांना कळतं तेच हे लोक. या नळ्या रॉकेटच्या असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. श्वेतपत्रात एवढंच उरलं, की बहुतेक तज्ज्ञांना त्या अण्वस्त्रासाठी वाटतात, काहींना साध्या शस्त्रांसाठी वाटतात. काहींना म्हणजे कोणाला, ते नाही. बिनवैमानिक विमानांबद्दल हवाई दलाच्या गुप्तचर विभागाने हरकत घेतली होती, की ती जैविक हल्ल्यासाठीच बनवली आहेत असं काही आम्हाला वाटत नाही. विमानांबद्दल सर्वांत जास्त हवाई दलालाच कळणार ना? ती हरकत श्वेतपत्रात औषधालाही नाही.

आणि एके ठिकाणी वजाबाकी नसून बेरीज आहे. जैविक शस्त्रं कशाकशाने टाकता येतील ते सांगून श्वेतपत्रात पुढे जोडलंय, की ती खुद्द अमेरिकेच्या भूमीवरही वापरली जाऊ शकतात. गुप्त अंदाजातल्या त्या वाक्यात हे शेपूट नव्हतं. सिनेटच्या समितीनेही हे वेचून दाखवलंय, मी काही शोध लावलेला नाही. पण दुसऱ्याने सांगितलेलं वाचणं वेगळं आणि स्वतःच्या टेबलावर दोन वह्या ठेवून बघणं वेगळं. श्वेतपत्रानंतर आठवड्याभरात तिकडच्या संसदेत मतदान झालं: प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. लढाईची मुभा मिळाली.

हे वाचताना मला केंद्रावरची चिठ्ठी आठवत होती. ग्रेडर गाडीतला कापूस हातात घेतो, धागा ओढून बघतो, कवडी किती, कचरा किती, ओल किती ते पाहतो आणि चिठ्ठीवर कापसाची प्रत लिहून तिच्यापुढे शेरा लिहितो: ‘ओल जास्त, वाळवून घ्यावा’. एका केंद्रावर मी चिठ्ठीवर लिहिलेला असा शेरा पुढच्या रजिस्टरात उतरायचाच नाही. प्रत मी लिहिलेलीच, सही माझीच, आकडाही खोडलेला नाही. फक्त शेरा नाही. मग गंजीला आतून वाफ धरली की विचारणा कोणाला, तर ग्रेडरला. आणि शेरा गाळा असं कोणी तोंडाने म्हणायचंही नाही. रात्रीचे आठ वाजलेले, बाहेर गाड्यांची रांग, आत पुढारी खुर्ची अडवून बसलेला. कारकुनाला काय कळायचं ते कळायचं.

म्हणून सिनेटच्या अहवालातला एक निष्कर्ष वाचून मी मान हलवली. विश्लेषकांवर मत बदलण्यासाठी दबाव आणल्याचा पुरावा समितीला मिळाला नाही. हेरखात्याची माहिती तपासायला नेमलेल्या ब्रिटनच्या बटलर समितीनेही जुलै २००४ मध्ये मुद्दाम तोडमोड केल्याचं आढळलं नाही असं लिहिलं. सरांनी ही दोन वाक्यं लगेच उचलली. उचलू देत. तीच बटलर समिती म्हणते, की ब्रिटिश पुस्तकातली विधानं हाती असलेल्या माहितीच्या अगदी टोकापर्यंत ताणलेली होती आणि माहितीच्या मर्यादांचे इशारे नीट सांगितले गेले नाहीत. सप्टेंबर २००२ च्या त्या पुस्तकाला पंतप्रधान ब्लेअर यांची प्रस्तावना आहे. तिच्यात ‘निःसंशय सिद्ध झालंय’ असे शब्द आहेत. आतल्या कागदांत मात्र संशयच संशय.

पंचेचाळीस मिनिटांची गोष्ट त्याच पुस्तकातली. हुकूम मिळाल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत इराक रासायनिक-जैविक शस्त्रं डागू शकतो, हे पुस्तकात चार वेळा आलंय. मूळ माहिती रणांगणावरच्या छोट्या दारूगोळ्याबद्दलची मानली जात होती, तीही सांगोवांगीची. पुस्तकात ते सांगितलंच नाही, आणि लंडनच्या एका वर्तमानपत्राने सायप्रसमधले ब्रिटिश पंचेचाळीस मिनिटांत मरणाच्या दारात, असं छापून टाकलं.

दुकानदाराला सगळ्यात आवडला तो फेब्रुवारी २००३ चा कागद. त्याच्या धंद्यातलाच म्हणायचा. ब्रिटिश सरकारने आणखी एक दस्तऐवज काढला आणि पत्रकारांना वाटला, हेरखात्याची माहिती म्हणून. केंब्रिजच्या एका प्राध्यापकाला वाचताना वाटलं, हे कुठेतरी वाचलंय. निघालं काय, तर इब्राहिम अल-मराशी नावाच्या संशोधक विद्यार्थ्याचा लेख पानंच्या पानं उचललेला, नाव न देता, टंकनाच्या चुकांसकट. मी हे सांगितलं तर काउंटरवरचे दोघं-तिघं हसले. प्रबंधाचं काम घेऊन येणारे असले नग त्यांना नवे नाहीत. पण जिथे बदल केला होता ते ऐकून मालक हसायचा थांबला. मूळ लेखात होतं, इराकी हेरखातं परक्या वकिलातींवर ‘लक्ष ठेवतं’. त्याचं झालं ‘हेरगिरी करतं’. मूळ लेखात होतं, शत्रू देशांतल्या ‘विरोधी गटांना मदत करतं’. त्याचं झालं ‘दहशतवादी संघटनांना पाठिंबा देतं’. म्हणजे जिथे डोकं चालवलं तिथे एकाच दिशेला चालवलं.

चिलकॉटचा सारांश वाचायला जड आहे, पण भाषा थंड आणि स्वच्छ. परिच्छेदांना क्रमांक आहेत, खुणा करायला सोपं जातं. धोका किती गंभीर आहे ते ज्या खात्रीने मांडलं गेलं, ती खात्री पुराव्याने मिळालेली नव्हती, असं त्यात सरळ म्हटलंय. २८ जुलै २००२ ची ब्लेअर यांची अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांना चिठ्ठीही या चौकशीत उघडी झाली: काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत आहे. तारीख बघा. सप्टेंबरचं पुस्तक त्यानंतरचं, ऑक्टोबरचा अंदाज त्यानंतरचा. त्या चिठ्ठीच्या पाच दिवस आधी ब्लेअर यांच्याकडे झालेल्या बैठकीचं टिपण २००५ मध्ये फुटलं होतं. त्यात ब्रिटनचे हेरप्रमुख वॉशिंग्टनहून आल्यावर सांगतात, की तिकडे माहिती आणि तथ्यं धोरणाभोवती बसवली जात आहेत. सुभेदारांनी हे वाक्य दोनदा वाचायला लावलं.

चिलकॉटमधलाच आणखी एक मासला. २००२ च्या सप्टेंबरमध्ये एका खबऱ्याने माहिती दिली, की इराकी लोक विषारी द्रव्य काचेच्या गोळ्यांत भरतात. नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं, की असल्या गोळ्या एका गाजलेल्या हॉलिवूडपटात दाखवल्या होत्या आणि खऱ्या दारूगोळ्यात काच सहसा वापरत नाहीत. खबऱ्या लबाड निघाला. हे वाचून बायको पहिल्यांदा माझ्या या उद्योगात रस घेऊन बसली. तसाच दुसरा, जर्मन हेरखात्याकडचा ‘कर्व्हबॉल’. त्याच्या फिरत्या प्रयोगशाळांच्या गोष्टीवर अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल ५ फेब्रुवारी २००३ ला सुरक्षा परिषदेत बोलले. २०११ मध्ये तो स्वतःच म्हणाला, मी खोटं सांगितलं होतं.

लढाई २० मार्च २००३ ला सुरू झाली. शस्त्रं शोधायला गेलेल्या पथकाला साठे सापडले नाहीत. चिलकॉट यांच्या शब्दांत, २००९ पर्यंत निदान दीड लाख इराकी मेले, बहुतेक साधी माणसं. आपल्याकडेही फौज मागितली होती. १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारने नाही म्हणून कळवलं. सुभेदार तेव्हा नोकरीत होते, ते या मुद्द्यावर काही बोलले नाहीत, चहा मात्र गार झाला त्यांचा.

वाद मिटला का? नाही. सर अजून ‘अंदाज चुकला’वरच आहेत आणि त्यांच्याकडेही काही कागद आहेत: बऱ्याच देशांच्या हेरांना शस्त्रं असतील असंच वाटत होतं, हे खरं आहे. माझं म्हणणं एवढंच, की अंदाज चुकणं हे ग्रेडरचं, आणि शेरा गाळणं हे वरच्याचं. दोन्ही एका खात्यात टाकू नयेत. आपल्या गावात राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्या माणसाच्या नावाने ते आहे त्याने आयुष्यभर अस्सल कागदासाठी गावोगावची दप्तरं पालथी घातली. त्या धुळ्यात निदान छापील प्रत समोर ठेवून भांडायला काय हरकत आहे?

पुन्हा दुकानाकडे येतो. पुढचं काम मी त्यांनाच दिलं: व्हिएतनामजवळच्या टोन्किनच्या आखातातल्या घटनेवरचा अमेरिकी हेरसंस्थेच्याच इतिहासकाराचा अभ्यास, २००५ मध्ये खुला झालेला. ४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला झाल्याचं सांगून तीन दिवसांत व्हिएतनामात लढायची मुभा देणारा ठराव मंजूर करून घेतला, प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य. हल्ला झालाच नव्हता, आणि तसं सांगणारे पकडलेले संदेश वरच्या अहवालांत घातलेच नव्हते, असं हा इतिहासकार लिहितो. म्हणजे शेरा गाळायची रीत इराकच्या आधीची आहे. या वेळी पोराने काळी पानंही छापली, समासही सोडला आणि मुखपृष्ठावर न सांगता प्लास्टिक घातलं. त्याचे दहा रुपये लावले, ते मला आवडलं नाही. विचारायला हवं होतं.

दर असे: काळं-पांढरं पाठपोट पान दोन रुपये, शंभराच्या वर दीड. रंगीत पान दहा. श्वेतपत्राचे नकाशे रंगीत काढू नका, पैसे वाया जातात. स्पायरल जाडीप्रमाणे चाळीस ते ऐंशी. दीडशेच्या वर पानं असतील तर दोन भाग करायला सांगा, नाहीतर जाड स्पायरल मधोमध वाकतं आणि पानं अडकतात. कागद सत्तर ग्रॅमचा आहे, मागची छपाई थोडी दिसते. ऐंशीचा मागून बघा, कधी असतो, कधी नसतो. पावती मागितली तर देतात. फाइल काम झाल्यावर त्यांच्या संगणकावरून पुसतात का, याची खात्री मात्र मला वाटली नाही. माझे कागद जगजाहीर होते, तुमचा सातबारा तसा नसतो. समोर उभं राहून पुसायला लावा.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो वगळलेल्या पानांसाठी आणि न विचारता घातलेल्या प्लास्टिकसाठी. दुपारी एक ते तीन शटर अर्धं असतं, पण वाकून आवाज दिला तर काम घेतात. दहावी-बारावीचे निकाल लागले की आठवडाभर जाऊ नका, मार्कशीटवाल्यांची रांग थेट रस्त्यावर येते आणि मोठं काम मागे पडतं.